सामाईक भिंत

गवंडीकाका बजावून गेले होते, मी येईपर्यंत त्या कोनाड्याला हात लावू नका, ताई. पण धाकटीला कुणी ‘नको’ म्हटलं की तिचे हात शिवशिवतात. तिने छिन्नी लावली, हातोडा हाणला, आणि अख्खी वीट पलीकडे गेली. धप्प... मागोमाग भांड्यांचा खणखणाट.

भोकात एक चेहरा उगवला. तोंडात ब्रश, ओठांवर फेस.

“ही तुमची का?” त्याने वीट वर धरली.

“वीट माझी. फेस तुमचा,” ती म्हणाली. माफी मागायची असते, हे तिला नंतर सुचलं.

तो हसला. गेल्याच महिन्यात शेजारी राहायला आलेला हा दातांचा डॉक्टर. भोक बुजवणं माझं रोजचंच काम, म्हणाला, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. मेल्याचे डोळे मात्र भलतेच मिश्कील होते.

एकाला एक चिकटलेल्या जुन्या घरांची ती रांग. सरकारी नियम असा, की पुढून खिळासुद्धा बदलायचा नाही, आत हवं ते करा. म्हणून धाकटीने आत सगळं उलथंपालथं केलं होतं. दोन अंधाऱ्या खोल्यांची एक करायची, छतातून उजेड घ्यायचा, आईच्या गुडघ्यांसाठी खालीच न्हाणीघर काढायचं. दादाला हे सगळे धंदे नकोत. त्याला घर विकायचं होतं, आणि त्याचा एकच हुकमी सवाल होता: ही उद्या लग्न करून जाईल, मग आई इथे एकटी काय करणार? घर आईच्या नावावर, जीवही त्यातच अडकलेला. पण हा सवाल आला की आईचं मन डळमळायचं.

भोक दुसऱ्याच दिवशी बुजायचं होतं. बुजलं नाही. काका सिमेंट कालवायला बसले की धाकटीला भिंत ओली वाटायची. ती तयार झाली, तर डॉक्टरला वेळ नसायचा. काकांनी केस काही उन्हात पांढरे केले नव्हते. बुजवायचं नसेल तर सांगा, म्हणाले, वर तुळई टाकली की झकास दार निघेल. दोघंही छताकडे बघत राहिले.

भोकातून चहा जायचा, पक्कड यायची, नळ कुठे बसवावा यावरून भांडणं व्हायची. भांडताभांडता ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. एकदा कप देताना तिने सोडला नाही, त्याने ओढला नाही... चहा गार झाला, तेव्हा कुठे दोघं भानावर आली. तिला तो आवडत होता, चांगलाच आवडत होता. पण बोलायचं म्हटलं की या चुरुचुरु बोलणाऱ्या बाईच्या तोंडाला कुलूप.

रविवारी दादा गिऱ्हाईक घेऊनच आला. गिऱ्हाईकाने भिंती ठोकून पाहिल्या, घर पसंत केलं. आईपुढे कागद ठेवून दादाने तोच सवाल पुन्हा टाकला. आईने पेन उचललं आणि धाकटीकडे पाहिलं.

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली.

“जाईन ना. लग्न करून जाईनच,” ती म्हणाली आणि तिने कोनाड्यातल्या भोकावर हात ठेवला. “पण इथून जाईन. इथे दार निघतंय. आईने हाक मारली की हातातलं लाटणं घेऊन परत येईन. आता बोल.”

दादाने हळूच विचारलं, “पलीकडच्याला विचारलंयस का?”

विचारलं नव्हतं. धाकटीचे कान तापले. वाटलं, धरणी दुभंगावी. पण हात काही तिने खाली घेतला नाही.

“विचारलं नाही,” भिंतीपलीकडून आवाज आला. “कधीपासून वाट बघतोय मी. माझी एकच अट आहे, दाराला कडी लावायची नाही. हात काढ बघू... लागेल तुला.”

तिने हात काढला. पलीकडून हातोडा पडला. एक घाव, दुसरा घाव, आणि वीट अलीकडे येऊन थेट दादाच्या बुटांपाशी पडली.

“सावकाश रे बाबा,” आई त्या भोकाला म्हणाली. तिने पेनाला टोपण लावलं आणि गिऱ्हाईकाकडे वळली. “घर विकायचं नाही. जाताना पुढचं दार तेवढं ओढून घ्या.”