नऊ झाडे जास्त

"झाडाला तुम्ही सोडत नाही आहात, की झाड तुम्हाला?"

हा प्रश्न पाठीमागून आला तेव्हा माझा गाल एका जुन्या खोडाच्या ओल्या सालीला टेकलेला होता आणि दोन्ही हात त्याच्याभोवती जेमतेम अर्ध्यापर्यंत पोहोचले होते. टेपचे दुसरे टोक पलीकडे कुठेतरी गळून पडले होते. मी मान वळवली. पायवाटेवर एक मुलगी सायकल हातात धरून उभी होती. पाऊस नुकताच थांबला होता. तिच्या पिवळ्या रेनकोटच्या टोपीवरून थेंब ओघळून नाकाच्या शेंड्यावर येत होते, आणि ती खालचा ओठ पुढे काढून फुंकरीने ते उडवत होती.

"मोजतोय," मी म्हणालो. "घेर."

"एकट्यानं?"

"जोडीदार आजारी आहे... ऑफिसातला," मी घाईने जोडले; आणि ते का जोडले हे लक्षात येताच माझे कान तापले.

तिने सायकल एका खोडाला टेकवली, चिखलातून टेपचे टोक उचलले आणि झाडामागे नाहीशी झाली. "कुठे धरू?"

"छातीच्या उंचीवर."

"कोणाच्या? तुमच्या की माझ्या?"

नियमाप्रमाणे जमिनीपासून साडेचार फूट, हे मला तोंडपाठ होते. तरीही उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला.

शहराच्या मधोमध हे रान कसेबसे उरले होते. त्यातून पायी चालणारे आणि सायकलस्वार या दोघांसाठी एकच सामायिक वाट काढावी, असा प्रस्ताव होता. आखलेल्या रेषेत मोठी झाडे किती येतात ते मोजण्याचे काम नगरपालिकेने माझ्याकडे दिले होते. मी हे सगळे झाडाच्या अलीकडून सांगितले. समोर माणूस असला की माझे शब्द पायरीवरच चपला काढत बसतात. मध्ये एवढे रुंद खोड होते म्हणून ते आत आले.

"ठाऊक आहे," पलीकडून आवाज आला. "त्या अर्जावर पहिली सही माझीच आहे. म्हणजे तुम्ही आमच्या बाजूचे?"

"मी टेपच्या बाजूचा."

ती हसली. झाडाच्या पलीकडून आलेले ते हसू मला दिसले नाही, आणि कदाचित म्हणूनच ते इतके दिवस पुरले.

रानापलीकडच्या चौकात, चष्म्याच्या दुकानात, ती लोकांचे डोळे तपासत असे. एरवी ती मोठ्या रस्त्याने सायकलवरून जाई. पण दुकान उघडायला वेळ असला की रानातून, चिखल तुडवत. दुसऱ्या दिवशीही ती आली, आणि तिसऱ्या दिवशीही. जोडीदाराचा ताप लांबला. देवाने मला क्षमा करावी, पण मी त्याची विचारपूस करायला गेलो नाही. माझे हात चिखलाने भरलेले असत, म्हणून घेर मी सांगे आणि नोंदवहीत आकडे ती लिही. तिच्या सातच्या आकड्याला कमरेवर एक छोटी आडवी रेघ असे.

"तुमचं मत काय? वाट व्हावी की नाही?" एकदा तिने विचारले.

"मी लहानपणापासून इथे येतो. मामाचं बोट धरून यायचो. इथलं एक झाड पडलं तरी मला..." वाक्य माझ्याच्याने पुरे झाले नाही.

ती टेपचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे. मोठ्या रस्त्यावर मागून टेम्पो आला. आता त्याचा डावा गुडघा वाकत नाही. मी त्याच रस्त्यानं रोज जाते आणि आई खिडकीत उभी राहते. मी घरी पोचेपर्यंत उभी असते ती."

पानांवर साचलेले पाणी एकदम आमच्यावर सांडले. माझ्याकडे नेहमी योग्य शब्द असतात; फक्त ते दोन दिवसांनी येतात.

गुरुवारी झाडे संपली. अठ्ठेचाळीस. मी वही मिटली, ती सायकलवर बसली, आणि "उद्या भेटू" असे सवयीने म्हणून निघूनही गेली. तिला थांबवून 'काम संपले' एवढे दोन शब्द सांगायचे राहिले... की मी ते राहू दिले?

शुक्रवारी ती अर्धा तास लवकर आली. "आज कुठून सुरुवात?"

रात्रीच्या पावसाने खोडांवरचे खडूचे आकडे धुऊन नेले होते. रंगाने आकडे टाकायचे ते मंजुरीनंतरच, अशी आमच्याकडची पद्धत. सगळी झाडे पुन्हा अनोळखी, कोरी उभी होती. मी सर्वांत जवळच्या झाडाकडे बोट दाखवले.

"इथून," मी म्हणालो.

त्या सकाळी आम्ही नऊ झाडे मोजली.

शनिवारी वही उघडून मी लाल पेन हातात घेतला. शेवटच्या नऊ ओळींवर एक तिरकी रेघ मारायची, एवढेच काम होते. त्या ओळींत कमरेवर रेघ असलेले चार सात होते. उद्या, असे म्हणून मी पेनाला टोपण लावले. सोमवारी सकाळी साहेबांनी वही मागवली आणि खाली बेरीज लिहिली : सत्तावन्न. पन्नासहून जास्त मोठी झाडे जात असतील तर प्रस्ताव फेटाळावा, असा नियम होता.

मी गप्प बसलो. लाज हे त्याचे एक कारण. पण तेवढेच नव्हते. माझ्या चुकीने रान वाचत होते, आणि ती चूक मला थोडी आवडूही लागली होती. मी रानातून जाणे सोडले. ती तिथे थांबली असेल का, हा विचार मात्र रोज सकाळी माझ्या आधी उठून बसे.

घरी मामा खुशीत होता. तो भूगोलाचा निवृत्त शिक्षक. सारे त्याला मास्तर म्हणत. रान वाचवणाऱ्यांचा तो पुढारी.

"भाच्यानं मोजलीत झाडं, माझ्या भाच्यानं!" तो मामीला सांगे. "एक पान इकडचं तिकडे व्हायचं नाही."

"आधी त्याला दोन घास इकडून तिकडे करायला सांगा," मामी म्हणे. "आठ दिवस झाले, ताटात नुसती बोटं फिरवतोय."

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. शनिवारची सकाळ, पत्र्याच्या खुर्च्या, आणि दोन बाजूंना विभागून बसलेले शंभरएक लोक. ती पलीकडच्या रांगेत होती. तिने एकदाच माझ्याकडे पाहिले. चष्म्याची काच पुसून, पुन्हा लावून पाहावे तसे.

मामा उठला. "दहा मिनिटं वाचवायला शंभर वर्षांची झाडं पाडणार तुम्ही?"

"मास्तर, झाडं बोलत नाहीत म्हणून त्यांच्या वाटचंही तुम्हीच बोलणार का?" सायकलवाल्यांतून कोणीतरी ओरडले. हशा पिकला.

मग ती उभी राहिली. तिचा आवाज शांत होता. "मास्तर, मला ती झाडं आवडतात. माझ्या भावालाही आवडतात. पण त्या चिखलातून तो तिथवर जाऊच शकत नाही. वाट सामायिक आहे ना? त्यात तोही येतो."

मामा खाली बसला.

अध्यक्षबाईंनी कागद जवळ ओढला. "भावना दोन्हीकडच्या खऱ्या आहेत. पण नियम नियम आहे. मोठी झाडं सत्तावन्न. त्यामुळे हा प्रस्ताव..."

तिने मान खाली घातली. एवढेच. ती रडली असती, भांडली असती, तर मी कदाचित बसून राहिलो असतो.

"अठ्ठेचाळीस," मी म्हणालो.

मी उभा आहे हे मला नंतर कळले. सगळ्यांची तोंडे माझ्याकडे वळली होती, आणि मध्ये एकही झाड नव्हते.

"झाडं अठ्ठेचाळीस आहेत. नऊ झाडं मी दोनदा मोजली."

"चुकून!" मामाने लगेच सांगून टाकले. "पोरगं दमलं होतं."

मामाने प्रेमाने उघडून दिलेली ती पळवाट होती. मी तिच्याकडे क्षणभर पाहिले.

"नाही मामा, चुकून नाही. झाडं संपली होती. आणि मला... ती संपायला नको होती."

"अहो, मग आम्ही वेगळं काय म्हणतोय?" मामाच्या मागचे एक आजोबा कळवळून म्हणाले. "झाडं संपायला नकोत म्हणूनच तर आलोय इथे!"

सभागृह हसले. मी हसलो नाही. तेवढ्यात पलीकडच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"वहीतलं अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "शुक्रवारी त्यांनी पहिलं झाड दाखवलं तेव्हाच मी ओळखलं. त्याच्या सालीवर माझ्या हँडलचा ओरखडा होता. मला वाटलं, ते मागाहून खोडतील."

अध्यक्षबाईंनी चष्मा नाकावर उतरवला. "ओळखलंत, तरी लिहिलंत? का?"

ती लाजली. आठवडाभर तिला पाहत होतो, पण हे मी प्रथमच पाहिले. "मलाही त्या दिवशी दुकानात उशिराच पोचायचं होतं."

या वेळी हशा इतका मोठा झाला की दोन्ही बाजू कुठे मिळतात ते कळेना. साहेब मात्र हसले नाहीत. "सोमवारी मेमो घेऊन जा," ते दबक्या आवाजात म्हणाले.

प्रस्ताव फेटाळला गेला नाही, मंजूरही झाला नाही. झाडे उद्यापासून नव्याने मोजायची, रेषाही नव्याने तपासायची, आणि मोजणीला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस हजर ठेवायचा, असे ठरले. सायकलवाल्यांनी तिचे नाव दिले. इकडून मामा उठला.

"मी जाणार. ही दोघं मोजायला लागली तर रानात हजार झाडं निघतील!"

लोक पांगले. मामा दाराशी माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसत होता. "रान वाचलं असतं रे."

"हो, मामा."

"पण खोट्यावर वाचलेलं..." त्याने हात झटकला. थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "त्या मुलाला झालंय काय?"

"डावा गुडघा वाकत नाही."

"मग चढाची बाजू नको त्याला. ओढ्याच्या कडेनं सपाट जाते जमीन, झाडंही विरळ आहेत. वाटेला वळण पडेल थोडं. पडू दे. वळण असलेलं बरं असतं, माणसाला काय आणि वाटेला काय." आणि छत्री काठीसारखी टेकत तो निघून गेला.

ती फाटकापाशी सायकल धरून उभी होती. बारीक पाऊस सुरू झाला होता. आम्ही मोठ्या रस्त्याच्या कडेने चालू लागलो. वाहनांच्या बाजूने मी, मग सायकल, मग ती.

"शंभर माणसांसमोर बोललात," ती म्हणाली. "आता एका माणसासमोर बोलायला काय होतंय?"

"शंभर सोपे होते."

"रोज थांबत होते मी रानात. पाच दिवस. मग वाटलं, झाडं मोजून झाली, आता या माणसाचं काम संपलं."

"मला तुमची..." एक ट्रक पाणी उडवत गेला. तो जाईपर्यंत माझा धीर सुटला नाही, याचे मला आजही नवल वाटते. "मला तुमची सवय झालीय. नाही... सवय नाही. सवय असती तर एवढी भीती वाटली नसती. मला तुम्ही आवडता."

ती थांबली. रेनकोटच्या टोपीवरून एक थेंब नाकाच्या शेंड्यावर आला आणि या वेळी तिने तो उडवला नाही. मग ती सायकलवर बसली. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. मला वाटले, झाले, एवढेच होते.

"उद्या किती वाजता येशील?" तिने विचारले.

येशील. 'याल' नव्हे. तो एक शब्द माझ्यापर्यंत पोहोचून नीट बसेस्तोवर मी तिथेच, पाण्यात उभा होतो.

"तू सांगशील तेव्हा," मी म्हणालो.