धाकटीचा रक्तगट

आमच्या रुग्णालयात रक्ताचा फ्रिज आहे, त्यात रक्त मात्र क्वचितच असतं. पिशवी हवी तर घरच्यांनी माणूस आणायचा, अशी रीत. म्हणून रक्तपेढीवाला तब्येत विचारायच्या आधी विचारतो, "घरचे किती आलेत?"

त्या दुपारी त्यानं ते मलाच विचारलं. मी प्रसूती वॉर्डात नर्स, आणि खाटेवर माझी धाकटी जाऊ. मुलगी झाली, रडली, सगळं यथासांग. फक्त हिचं रक्त थांबेना.

"पिशवी लागल्याशिवाय ऑपरेशनला घेता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टेबलावरच जाईल ती."

धाकटे दीर तिचा हात धरून बसले होते. मी नमुना काढून दिला. रक्तपेढीवाल्यानं पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर थेंब घोळवले.

"ए. नवऱ्याचा?"

"ए."

"मग छत्तीस गुण जुळले," म्हणत त्यानं दिरांना आडवं केलं.

पिशवी भरली, तपासण्या झाल्या. लावण्याआधी ताज्या नमुन्याशी पुन्हा जुळवायचं, हा नियम. मी वॉर्डात गेले तेव्हा दिरांच्या जागी सासूबाई बसल्या होत्या, सुनेचा हात मांडीवर घेऊन. मी नमुना काढला.

फरशीवर थेंब एकत्र आले आणि नासक्या दुधासारखे फाटले.

"हिचा बी आहे. ताई, नळ्या बदलल्यात तुम्ही."

"आज एकटीचंच रक्त काढलंय मी."

पुन्हा काढलं. पुन्हा बी. सासूबाईंचा गट बी आहे हे मला ठाऊक होतं. मनात काहीतरी आलं. उन्हात डोकं तापलंय म्हणून झटकून टाकलं.

"माझं घ्या की," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तुमच्याच अंगात नाही, तिला कुठून देणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या डोळे पुसत नातीकडे गेल्या. मी धाकटीचा हात हातात घेतला. ओठ पांढरे पडले होते तिचे. तशातही म्हणाली, "ताई, भात लावायचा राहिला."

"राहू दे. एक दिवस भाऊजी उपाशी राहिले तर बारीक होतील."

तिसऱ्यांदा रक्तपेढीवाला स्वतःच सुई घेऊन आला. तिथंच, खिडकीच्या कट्ट्यावर, त्यानं थेंब घोळवले. बराच वेळ फरशीकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे.

"ताई, तुमचा गट?"

"एबी."

तो हसला नाही. "एबीला कुणाचंही चालतं. दिरांची पिशवी चालेल." मग आवाज उतरवून, "हात तेवढा सोडू नका."

डॉक्टरीणबाईंनी दारातूनच विचारलं, "जुळलं का?"

"आत्ता जुळतंय," तो म्हणाला.

पिशवी लावली. चुकीचं रक्त गेलं तर आधी हुडहुडी भरते, कंबर दुखते. म्हणून मी तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. थेंब पडत राहिले. हाताला मुंग्या आल्या, घाम सुटला, तरी बोटं सैल केली नाहीत. अर्धी पिशवी गेली. ओठांवर थोडा रंग आला. रक्तपेढीवाला पलीकडे भिंतीला टेकून उभा होता. खाटेला त्याचा धक्कासुद्धा लागत नव्हता.

मग तिचे दात वाजले.

"ताई, थंडी वाजतेय."

मी नळीची चकती फिरवून थेंब थांबवले. चादरीवरचा लाल डाग तेवढा पसरत होता.

"बघ, हात धरलाय मी तुझा. सोडलेला नाही."

"तुमचा नाही." तिनं मान वळवायचा प्रयत्न केला. "त्या बाजूचा. कधीचा धरलाय. त्यांना सांगा ना."

"पलीकडे कुणी नाहीये गं."

रक्तपेढीवाला भिंतीपासून हलला नाही. तो खाली बघत होता.

तिचा दुसरा हात चादरीवर उघडा पडला होता. चारही बोटं एकमेकांवर दाबली गेली होती, कुणी मुठीत घट्ट आवळल्यासारखी. नखं पांढरी झाली होती.

आम्ही बघत असतानाच ती थोडी आणखी आवळली गेली.