मांडीवरचा डबा

मी मेणबत्त्या आणायला निघाले होते, एवढंच. वादळ येणार, वीज जाणार आणि गेली की काही दिवस यायची नाही, असं सकाळपासून सगळे सांगत होते. अशा वेळी माझ्यासारखी शिकलेली बाई काय करते? सुगंधी मेणबत्त्या घेऊन येते. घाबरले की माझे हात समोर दिसेल ते उचलतात.

सासूबाईंनी पुडा हुंगला. "बरं केलंस. अंधारात निदान गुलाबाच्या बागेत बसल्यासारखं वाटेल."

त्यांची तयारी तोवर झालीही होती. पंप बंद पडणार म्हणून पिंपापासून पेल्यापर्यंत सगळं पाण्यानं भरलेलं. प्रत्येक खोलीत दाराशेजारी काडेपेटी, म्हणजे अंधारात चाचपडायला नको. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठत घातलेल्या, आणि उरलेल्या फटींत ओल्या फडक्यांचे बोळे कोंबलेले. माझा नवरा तेव्हा कामासाठी परगावी होता. तो आईला 'कंट्रोल रूम' म्हणतो ते उगाच नाही.

फ्रीजमध्ये आमचा जीव होता. माझ्या मुलाला, ठेंगूला, रोज एक इंजेक्शन लागतं. त्याच्या कुप्या गारच राहाव्या लागतात, उकाड्यात त्या निकामी होतात. आणि इंजेक्शन चुकलं की त्याचा श्वास... जाऊ दे. कुप्यांच्या स्टीलच्या डब्यात मी एक छोटा तापमापक ठेवते. काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर मी शहाण्यासारखी वागते, एरवी माझा भरवसा नाही.

संध्याकाळी वीज गेली. फ्रीजची घरघर थांबली आणि घर एकदम मुकं झालं. मी फ्रीजच्या दाराला कान लावून उभी राहिले.

"अगं, मिठी मारून तो गार राहत नाही," सासूबाई म्हणाल्या. "उघडायचा नाही, एवढंच त्याला हवंय. ये इकडे."

त्यांच्या बर्फानं आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त तग धरला. पण वादळानंतर असा उकाडा सुटला की भिंतींना हात लावला तर चटका बसावा. बाटल्यांचं पाणी झालं. रस्त्यांवर झाडं आडवी पडलेली. मी ती ओलांडत औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार पायरीवर बसला होता. "ताई, माझाच फ्रीज बंद आहे. होत्या त्या कुप्या फेकून दिल्या. बर्फाचं तर नाव काढू नका."

घरी आले तेव्हा काटा पट्ट्याच्या पार कडेला टेकला होता. मला रडू फुटलं.

"रडून झालं की डबा माझ्याकडे दे," सासूबाई म्हणाल्या. मधल्या खोलीला खिडकी नाही. तिथल्या खुर्चीत त्या बसल्या, डबा मांडीवर घेतला, दोन्ही हात त्याच्याभोवती घट्ट आवळले. "आणि शाल आण."

"अहो आई, या उकाड्यात?"

"आण म्हटलं ना."

इंजेक्शनची वेळ झाली तशी मी मेणबत्ती घेऊन तिकडे गेले. उंबरठ्यापर्यंत गुलाबाचा वास माझ्यासोबत होता. आत पाऊल टाकलं आणि तो विझला. आत ओल्या लोखंडासारखा वास होता, फ्रीजरमध्ये डोकं घातल्यावर येतो तसा. काटा हिरव्या पट्ट्यात होता. अगदी मध्यावर.

"आई... हे कसं..."

"कुपी काढ. झाकण लाव." त्यांचे ओठ निळे दिसत होते. "बडबड मागाहून."

पुढचे दिवस त्या तिथून हलल्या नाहीत. दुसरी शाल मागितली, मग माझा स्वेटर. उकळता चहा सरबतासारखा घटाघट प्यायल्या. एकदा त्या खोलीतून बारीक घरघर ऐकू आली. मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजचा प्लग बघून आले. काढलेलाच होता. घरघर मात्र चालूच... हळू, एका लयीत, त्यांच्या श्वासाबरोबर.

उकाड्यानं किरकिरणारा ठेंगू एका दुपारी आपणहून त्यांच्या मांडीवर चढला आणि डब्याला गाल लावून गाढ झोपला. त्याला उचलून आणावं असं मला वाटलं. पण कितीतरी वेळानं तो सुखानं झोपला होता. मी दारात उभी राहिले. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण मनात एकच येत होतं, की सासूबाईंच्या नखाची तरी सर आपल्याला कधी येईल का?

वीज आली ती भर दुपारी. पंखे गरगरले. मी धावत गेले. सासूबाईंची बोटं डब्याला चिकटली होती. कोमट पाणी ओतून ती एकेक करून सोडवली.

"मेले नाहीये," त्या पुटपुटल्या. "अशी बघू नकोस. चहा टाक."

डॉक्टरांनी ठेंगूला तपासलं, छाती ऐकली आणि म्हणाले, "छान. इतके दिवस औषध सांभाळलंत कसं?"

"घट्ट धरून," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या हळूहळू आमच्यासारख्या झाल्या. घाम पुसू लागल्या, उकाड्याला शिव्या घालू लागल्या, शाल धुऊन कपाटात गेली. मी सुटकेचा श्वास टाकला.

काल दुपारी ठेंगू अंगणात खेळत होता. ऊन असं की फरशीवर पाय ठरत नव्हता. कशाला तरी तो खळखळून हसला, आणि त्याच्या तोंडातून वाफेचा एक लहानसा पांढरा ढग बाहेर पडला. कडाक्याच्या थंडीत पडतो तसा.

"आई, धूर!" तो ओरडला आणि ढग पकडायला धावला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दारातून त्याच्याकडे बघत होत्या. तयारी पुरी झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, तेच तिथे होतं.

"चला," त्या म्हणाल्या, "आता माझ्या माघारी डब्याची काळजी नाही."

मी वाकून ठेंगूचा गाल हातात घेतला. गाल उबदार होता, कुठल्याही लेकराचा असतो तसाच. तो माझ्याकडे बघून हसत होता, आणि त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर एक ढग... मग आणखी एक...