इनेकोआजीची गळकी टाकी

तोगाशी त्या इमारतीचा जिना तिसऱ्यांदा चढत होता, आणि तेही एका संडासाच्या टाकीपायी. एवढ्याशा गळतीनं आपल्याला असं दमवावं, याची त्याला मनातून लाज वाटत होती. बाहेर उत्तर जपानातल्या आकिताचा बर्फ सकाळपासून मुकाट पडत होता. त्या सरकारी वसाहतीतल्या निम्म्या दारांवरच्या नावाच्या पाट्या केव्हाच निघाल्या होत्या. चौथ्या मजल्यावर तर एकच उरली होती: ओयामादा इनेको.

"या, जावईबापू!" आजीनं दार उघडता उघडता टोमणा मारला. "पोटचा मुलगा चार वर्षांत आला नाही तेवढ्या वेळा तुम्ही या एका महिन्यात आलात."

तोगाशी कानापर्यंत लाल झाला. लोकांशी बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. शाळा अर्धवट सोडून तो नळाच्या कामात शिरला, त्याचं एक कारण हेही होतं. पाइपांना उत्तरं द्यावी लागत नाहीत.

"आज टाकी पूर्णच उतरवतो, आजी," तो कसाबसा म्हणाला.

"काय वाटेल ते करा. पण आज ती थांबली पाहिजे. मला तेत्सुरोचा फोन हवाय."

टाकीचा आणि फोनचा संबंध काय, ते त्याला कळेना. आजीनं चहाचं आधण ठेवत सांगितलं. तेत्सुरो तिचा मुलगा, लांब नागोयाला एकटा राहतो. त्यानं पाणीखात्याची एक सोय घेऊन दिली होती. आजीच्या घरी दिवसभरात पाणी वापरलं गेलं की मीटर आकड्यासकट त्याला निरोप धाडी, आई खुशाल आहे. आणि दिवसभरात थेंबही वापरला गेला नाही, तर दुसरा निरोप जाई, आईला फोन करा.

"मग मी काय करायची, महिन्यातून एकदा नळाला हातच लावायची नाही," आजी डोळे मिचकावत म्हणाली. "शेजारणीकडून किटली भरून आणायची. संध्याकाळी फोन हजर! 'आई, बरी आहेस ना?' दोनच मिनिटं बोलायचा, पण बोलायचा. आता शेजारीण वृद्धाश्रमात गेली, आणि ही मेली टाकी रात्रंदिवस गळते. त्याला रोज निरोप जातो, आई खुशाल. फोन बंदच झाला."

ती हसली. तोगाशीला हसता आलं नाही. त्याचा स्वतःचा फोनसुद्धा कुणाचं काही गळायला लागलं तरच वाजत असे.

तो कामाला लागला. कॉक बंद करून त्यानं टाकी रिकामी केली, पुसली, दोन्ही बोल्ट काढले आणि ती उचलून वर्तमानपत्रावर ठेवली. टाकी आणि भांडं यांच्यामधला जाड रबरी वॉशर त्यानं मागच्याच खेपेला घातला होता. तो कुठे चिरला नव्हता की दबला नव्हता. भांड्याच्या काठाला तडा नव्हता. तरी त्यानं नवा वॉशर बसवला, नवे बोल्ट घातले, आणि चिनी माती फुटू नये म्हणून डावा-उजवा नट आलटून पालटून, बेताबेतानं आवळला. मग टाकीत पाणी भरून निळी शाई सोडली आणि सांध्याभोवती पांढरा कागद गुंडाळला. कागद निळा झाला, तर पाणी टाकीचंच.

दोघांनी चहा घेतला. सोबत धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं होतं. आजीनं त्याला आग्रह करकरून वाढलं.

तो पाहायला गेला तेव्हा कागद चिंब भिजला होता. पण तो निळा झाला नव्हता. लाद्यांवर स्वच्छ, नितळ पाणी साचलं होतं. तोगाशीनं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

पाणी कोमट होतं. श्वासाची वाफ दिसावी अशा त्या गार घरात… अंगाइतकं कोमट.

"आजी, वरून कुठून…?"

"वर छप्पर आहे, आणि छपरावर बर्फ."

तो बाहेर गेला. दाराशेजारच्या कोनाड्यात मीटर होता. त्यानं घराचा मुख्य कॉक पूर्ण बंद केला आणि मीटरमधल्या बारीक चक्रीकडे बघत राहिला. ती थांबायला हवी होती. ती फिरत होती. थोडी फिरे, थांबे, पुन्हा फिरे. कुणीतरी सावकाश हात धुवावेत तशी.

आत आला तर संडासाचं दार लागलेलं. ते त्यानं उघडं टाकलं होतं. पलीकडून टाकी भरल्याचा बारीक, एकसुरी आवाज येत होता. आजीच आत गेली असेल म्हणून त्यानं सवयीनं दोनदा टकटक केली.

आतून दोनदा टकटक झाली. आत माणूस आहे, थांबा, असं सांगणारी.

तोगाशीनं मान वळवली. आजी खोलीत बसली होती, दोन्ही हातांत पेला धरून.

"आजी… आत कोण आहे?"

तिनं पेला खाली ठेवला. "तुम्हालाही ऐकू आलं?" ती कुजबुजली. "मला वाटत होतं, म्हातारपणी माझेच कान वाजतात…"

तेवढ्यात फोन खणाणला.

आजी वय विसरून धावली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता. तोगाशीला शब्द न् शब्द ऐकू आला.

"आई, तुझ्याकडे कोण राहायला आलंय? आज मीटर दुप्पट पाणी दाखवतोय. दोन माणसांचं."

"तेत्सुरो…" आजी म्हणाली. तिनं बंद दाराकडे पाहिलं. "हो रे. आहे कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे? ओळख ना पाळख! दे फोन त्याच्याकडे."

आजी दारापाशी गेली आणि फोन तिनं फळीला टेकवला. "माझा मुलगा आहे," ती आतल्याला म्हणाली. "बोला ना दोन शब्द."

तोगाशीला तिचा हात मागे ओढायचा होता. त्याचे पाय हलले नाहीत.

आतला आवाज थांबला. हळूहळू ओसरला नाही, मध्येच तुटला. दार आपसूक वीतभर उघडलं. आत कुणीच नव्हतं. टाकी होती, भांडं होतं, तोगाशीचा पाना होता. सांध्याभोवतीचा कागद कोरडा होता, आणि लाद्याही अशा कोरड्या, की जणू त्यांनी कधी पाणी पाहिलंच नव्हतं. गळती थांबली होती.

"आई…" फोनमधला आवाज एकदम खाली आला. "एक मिनिट हं."

"काय झालं रे?"

"इकडे संडासात पाणी भरायला लागलंय… मी तर घरात एकटाच आहे."

मग फोनमधून टकटक ऐकू आली. दोनदा.

"दार वाजवतंय कुणीतरी, आई… आतून."

उघडू नका, बाहेर पळा, असं तोगाशीला ओरडायचं होतं. पण आयुष्यात कधी न चढलेला त्याचा आवाज त्या वेळीही चढला नाही. तो आजीकडे नुसता बघत राहिला. आजी रिकाम्या, कोरड्या संडासाकडे पाहत होती. गाडी निघून गेल्यावर फलाटावर एकट्या उरलेल्या माणसासारखा तिचा चेहरा झाला होता. मग तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"उघड, बाळा," ती मऊ आवाजात म्हणाली. "घाबरू नकोस. फक्त फोन ठेवू नकोस."

मग दाराची मूठ फिरल्याचा आवाज आला.

"तेत्सुरो?"

त्यानं उत्तर दिलं नाही. फोनही ठेवला नाही. खिडकीबाहेर अंधारून आलं, तोगाशीनं हत्यारं पिशवीत भरली, आजीच्या पेल्यातला चहा गार झाला. तरी फोनमधून नागोयातली ती टाकी भरत असल्याचा आवाज येतच होता. एवढ्या वेळात कुठलीही टाकी काठोकाठ भरली असती.