धबधब्यासमोरचं बोलणं

उधन्याच्या नाक्यावर मेटाडोर थांबली आणि भिकनशेजारची रिकामी जागा एका बाईने घेतली.

"सरका की थोडे... रिटायर झालात म्हणून गादीच मिळाली का?"

भिकन सरकला. बाई म्हणजे शालिग्रामच्या शेजारच्या उषाबाई, लिंबायतच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शालिग्राम आणि भिकन एकाच कापडाच्या कारखान्यात लूम चालवत म्हातारे झाले होते. निरोपाची सहल म्हणून शालिग्रामने सगळ्यांना डांगात, धबधबा बघायला काढलं होतं. दुसऱ्याच दिवशी मुलगा भिकनला कायमचा गावी नेणार होता.

"गावी काय करणार हो?"

"बसणार."

"सुरतेत बसता येत नाही?"

"इथे थांबा म्हणणारं कोण आहे..."

उषाबाई हळूच म्हणाल्या, "सगळे तुम्हाला भिकनभाऊ म्हणतात. मी नाही म्हणणार."

भिकनने खिडकीबाहेर पाहिलं. तोंड उगाच हसरं झालं होतं.

वघईजवळ रस्त्याकडेला तेरडा गुलाबी पसरला होता. आभाळ मात्र काळं, लोंबलेलं. उषाबाईंनी एक फूल तोडलं. माळायला हात वर गेला — आणि अर्ध्यातूनच खाली आला. फूल त्यांनी भिकनच्या खिशात खोचलं.

"तुमच्या खिशाला कोण नावं ठेवणार!"

धबधब्यासमोर शेजारच्याचंही ऐकू येईना. अगदी कारखान्यासारखं. तिथेही लूमच्या खडखडाटात सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचे. शालिग्राम मध्ये उभा राहून पाण्याकडे बघत होता; त्याच्या पलीकडे उषाबाई. बाईमाणसाला काय कळणार, अशा भरवशावर भिकन आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलला, "तुम्ही म्हणाल तर नाही जात. लग्न करू."

उषाबाई वळल्या. त्यांचेही ओठ हलले.

"अर्धं आयुष्य लूमशेजारी बसून सुताच्या कांड्या भरल्यात मी."

भिकनची मान खाली गेली. ओरडून सांगितलं असतं तर ऐकू तरी गेलं नसतं, असं त्याला झालं. वर पाहिलं तर त्या अजून बघत होत्या.

"मार्गशीर्षात माझ्या छायाचं लग्न आहे. आईने पाट लावला म्हटल्यावर सोयरे माघारी फिरतील."

"लग्न होईपर्यंत थांबतो."

"लोकांना डोळे नाहीत का? ...जा तुम्ही."

शालिग्राम दोघांकडे वळून मोठ्याने ओरडला, "काय पाणी आहे, नाही?"

परत येताना पाऊस काचेवरून वाहत राहिला. नाक्यावर छाया छत्री घेऊन उभी होती. उषाबाई उतरल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सांभाळून जा, भिकनभाऊ."

भिकनने मान हलवली.

मेटाडोर घरघरत निघाली. लेकीच्या मागे, छत्रीच्या काठाखाली उषाबाई क्षणभर वळल्या. ओठ हलले.

"भाऊ म्हणायचं नव्हतं."

"कळलं," भिकन म्हणाला — नुसत्या ओठांनी. आणि खिशावर हात ठेवून बसला.