दोन नावांची साक्ष

ऑगस्ट २००६मधल्या एका शुक्रवारी उपासना गजभियेनं लॅबमधून सुट्टी घेतली, डब्यात पोहे भरले, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद लावले आणि ते तीनदा तपासले. तपासणं तिच्या अंगातच होतं. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये, रक्ताच्या नमुन्यांच्या लॅबमध्ये ती सहा वर्षं काम करत होती आणि बाटलीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय तिनं एकाही रिपोर्टवर सही केली नव्हती.

त्या सकाळी मात्र तिचं कशातच चित्त लागत नव्हतं. दोनच आठवड्यांपूर्वी डेट्रॉइटमध्ये हात वर करून तिनं नागरिकत्वाची शपथ घेतली होती. आता अमेरिकेचा पासपोर्ट, त्यावर भारताचा व्हिसा आणि मग नागपूर. दोन ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेची पन्नास वर्षं पुरी होणार होती. छप्पन्न साली त्या मैदानात तिचे बाबा, ईश्वर मेश्राम, आठ वर्षांचे होते. आपल्या बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी तो सोहळा पाहिला होता.

"तू बाजूले पायजे उपा," ते फोनवर म्हणाले होते. "बाकी मले काही नको."

दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा कागदपत्रांच्या घोळात उपासनाला जाता आलं नव्हतं. ते बाबांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणूनच ते तिला जास्त बोचत होतं.

ट्रॉयच्या आसपास पासपोर्टसाठी तीन-तीन आठवडे अपॉइंटमेंट मिळत नव्हती. तिच्या नवऱ्याचा, आयुषचा, ऑफिसातला मित्र हेमचंद्र म्हणाला, "यार, थंबमध्ये जा ना. तिकडच्या लहान गावांत लाइनच नसते." मिशिगनचा नकाशा हाताच्या पंजासारखा आहे आणि त्यातला अंगठा ह्युरॉन तळ्यात घुसलेला आहे. त्या अंगठ्याच्या नखापाशी ड्रेक्स हार्बर नावाचं गाव होतं. तिथल्या पोस्टात शुक्रवारी दहा ते दोन पासपोर्टचे अर्ज घेत.

आयुषला मीटिंग होती. ती एकटीच निघाली. गाडीत तिनं भीमगीतांची सीडी लावली आणि खिडक्या खाली करून मोठ्यानं गात गेली. दोन्ही बाजूंना शुगर बीटची हिरवीगार शेतं, मध्ये एखादा लाल गोठा, आणि मग एकदम झाडं संपून समोर तळं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. गावात धान्याचा एक उंच कोठार-मनोरा होता, एक बेकरी, नुसता पिवळा लुकलुकणारा एक सिग्नल आणि विटांचं पोस्ट ऑफिस. ती पोचली तेव्हा एक वाजून गेला होता.

आत मेणाचा आणि जुन्या कागदाचा वास होता. एका भिंतीला गावकऱ्यांचं टपाल ठेवायच्या, पितळी दारांच्या टपालपेट्या. खिडकीमागच्या बाईच्या छातीवर डोरिस अशी पट्टी होती. डोरिसनं फोटो पाहिला, अर्ज पाहिला, मग नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि लायसन्स शेजारी शेजारी ठेवून ती थांबली.

"नावं वेगळी आहेत."

"प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आहे. हे लग्नाचं सर्टिफिकेट." उपासनानं कागद पुढे सरकवला.

डोरिसनं तो उलटसुलट करून पाहिला. "हे मला वाचता येत नाही."

ते मराठीत होतं. इंग्रजी भाषांतराची प्रत घरी, ग्रीन कार्डच्या फायलीत राहिली होती. तीनदा तपासूनही तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं. तिकीट गजभिये नावानं काढलेलं होतं. घड्याळात दीड. पुढचा शुक्रवार म्हणजे आणखी सात दिवस, आणि त्यानंतर शिकागोच्या भारतीय वकिलातीतून व्हिसा.

"एक मार्ग आहे," डोरिस म्हणाली. "तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या दोघांनी इथं सही केली तर चालतं."

उपासनाला हसूच आलं. "इथं मला कोण ओळखणार?"

"मी करतो की सही," मागून कुणीतरी म्हणालं.

टपालपेट्यांपाशी एक म्हातारा उभा होता. अंगावर डेनिमचा जम्पसूट, डोक्यावर खताच्या कंपनीची टोपी. तो सावकाश खिडकीपाशी आला, टोपी काढली आणि तिच्याकडे पाहून ओळखीचं हसला.

"उपासना मेश्राम," तो म्हणाला. "आता गजभिये, नाही का?"

आठ वर्षांत एकाही अमेरिकन माणसानं तिचं नाव असं उच्चारलं नव्हतं. 'श्र' अगदी स्वच्छ. 'भ' छातीतून आलेला.

डोरिसच्या समोर कागद उघडे होते, त्यानं ते वाचले असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. एखादा हिंदी बोलणारा शेजारी असेल त्याला. डोरिसनं त्याला व्हर्नन म्हणून हाक मारली, फॉर्म दिला आणि म्हणाली, "लोर्नालाही बोलावते." तिनं बेकरीत फोन केला. तीन मिनिटांत एक जाडसर बाई पिठानं पांढरे झालेले हात ॲप्रनला पुसत आत आली, काही न विचारता उपासनाला मिठी मारली आणि म्हणाली, "किती बारीक झालीयेस गं."

तिच्या केसांना दालचिनीचा वास येत होता. उपासनाला ती मिठी झटकून टाकावीशी वाटली नाही. याचंच तिला नंतर नवल वाटत राहिलं.

"माफ करा, तुमची काहीतरी गल्लत होतेय," ती म्हणाली. "मी इथं आज पहिल्यांदाच आलेय."

लोर्नानं व्हर्ननकडे पाहिलं. व्हर्नननं खिडकीबाहेर. दोघंही जराही रागावले नाहीत. लहान मुलाचा हट्ट चालवून घ्यावा तसं समजुतीनं त्यांनी ते चालवून घेतलं.

"पासपोर्ट हवाय ना तुला?" लोर्नानं हळूच विचारलं.

हवा होता. त्या क्षणी उपासनाला जगात दुसरं काहीच नको होतं. डोळ्यांपुढे तो पांढराशुभ्र स्तूप होता, ती गर्दी होती आणि गर्दीत तिची वाट पाहत उभे असलेले बाबा होते. हे दोघं खोटी सही करणार होते, हे तिला कळत होतं. त्या खोट्या सहीखाली आपणही सही करणार, हेही कळत होतं. तिनं पेन उचललं.

दोघांचे फॉर्म तिच्या समोरच होते. अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता? लोर्नानं लिहिलं होतं, ३३. व्हर्नननं लिहिलं होतं, ३३.

उपासनाचं वय तेहतीस होतं.

तीन लिहायचं असेल, हात घसरला असेल, असं तिला वाटलं. पण दोघांचेही हात कसे घसरतील? तोवर डोरिसनं शिक्के मारायला सुरुवात केली होती. ठप. ठप. शेवटचा शिक्का पडला आणि उपासनाच्या अंगातून आनंदाची अशी काही लाट गेली, की बाकी सगळं त्या लाटेखाली गेलं. तिनं लोर्नाचे दोन्ही हात धरून आभार मानले. व्हर्नननं टोपी घातली आणि "काळजी घे पोरी" म्हणून तो निघून गेला.

ती वळणार, तेवढ्यात डोरिस म्हणाली, "आलीच आहेस तर तुझं टपाल घेऊन जा. पेटी भरलीये."

तिनं रबरबँड लावलेला गठ्ठा खिडकीतून पुढे केला.

बियाण्यांचा कॅटलॉग. गावच्या वाचनालयाची सूचना. चर्चच्या फिश फ्राय जेवणाचं पत्रक. सगळ्यांवर एकच नाव, यू. मेश्राम.

तळाशी दातांच्या डॉक्टरचं एक कार्ड होतं. सहा महिने झाले, तपासणीला या. असल्या कार्डांवर पत्ता पेशंटकडूनच लिहून घेऊन ठेवतात, हे तिला ठाऊक होतं. ट्रॉयच्या दवाखान्यात तिनंही लिहून दिलं होतं.

कार्डावरचं अक्षर तिचं होतं.

'एम'ची पहिली रेघ खालून वर ओढलेली. 'आर'ची शेपटी तुटक. निळी शाई एका ठिकाणी जरा फिसकटलेली. डावखुऱ्या माणसाचा तळहात ओल्या शाईवरून गेला की फिसकटते तशी.

उपासना डावखुरी होती.

तिनं गठ्ठा खिडकीत ठेवला. "हे माझं नाही."

"बरं," डोरिस म्हणाली. "ठेवते मी. पुढच्या वेळी ने."

बाहेर लख्ख ऊन होतं. तळ्यावरून गार वारा येत होता. ती गाडीत बसली, दारं लॉक केली आणि आयुषला फोन लावला. बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिच्याही नकळत ती आनंदानं ओरडली, "झालं रे! ॲक्सेप्ट केलं!"

साक्षीदारांचं तिनं त्याला रात्री जेवताना सांगितलं. आयुष हसला. "अगं, त्या गावात दुसरी कुणी मेश्राम असेल. आपली माणसं कुठं नाहीत? आणि अक्षराचं म्हणशील, तर इंडियन स्कूलचं अक्षर सगळ्यांचं सारखंच असतं." हे तिला पटलं. म्हणजे, पटवून घ्यायला सोपं होतं. त्यानंतरचे दिवस बॅगा भरण्यात गेले. बाबांसाठी बीपीचं मशीन, भावाच्या मुलांसाठी बूट, चॉकलेटं. लॅबमध्ये ती गुणगुणायला लागली. मैत्रिणी म्हणायच्या, उपासना, तू लग्नालाही एवढी खूश नसशील.

पासपोर्ट तेराव्या दिवशी आला. तिनं पाकीट पोर्चमध्येच फाडलं. गडद निळं, करकरीत पुस्तक. नाव बरोबर, फोटो तिचाच, जन्मतारीख बरोबर. जन्मस्थळाच्या ओळीवर मात्र लिहिलं होतं, मिशिगन, यू.एस.ए.

अर्जाची झेरॉक्स तिनं काढून पाहिली. तिच्याच अक्षरात तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं, नागपूर, इंडिया.

"टायपिंग मिस्टेक," आयुष म्हणाला. "आत्ता करेक्शनला पाठवलास, तर दोन ऑक्टोबर विसर. आल्यावर पाठव."

तिनं पाठवला नाही. शिकागोहून व्हिसा आला, कुणी काही विचारलं नाही.

आणि ती नागपूरला पोचली. विमानतळाबाहेर बाबा पांढऱ्या शर्टात, हातात निळा झेंडा घेऊन उभे होते. "जयभीम," म्हणाले आणि तिच्या हातातली बॅग त्यांनी आपल्याकडे घेतली. दोन तारखेला सकाळपासून दोघं हातात हात घालून त्या माणसांच्या समुद्रातून चालले. लाखो लोक. पुस्तकांचे स्टॉल, पाणी वाटणारी पोरं, लांबून पायी आलेल्या बाया. एका जागी बाबा थांबले आणि म्हणाले, "इथंच होतो मी. खांद्यावर." दोघांनी तिथं त्रिशरण म्हटलं. उपासना रडली, हसली, पुन्हा रडली. आईच्या वेळी न आल्याचं ओझं त्या दुपारी पहिल्यांदा जरा हलकं झालं.

संध्याकाळी घरी येऊन बाबा खुर्चीत टेकले. "दाखव बरं तुझा तो पासपोर्ट," ते म्हणाले. चष्मा लावून त्यांनी एकेक ओळ बोटानं वाचली. रेल्वेत पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. पण ड्यूटीवर इटारसीपर्यंत जायचं आणि परत यायचं, त्याच्या पलीकडे ते जन्मात गेले नव्हते. त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता.

बोट एका ओळीवर थांबलं.

"तिथं चूक झालीये बाबा," उपासना म्हणाली. "परत गेल्यावर दुरुस्त करून घेणार आहे."

"चूक काऊन?" बाबांनी मान वर केली. "बरोबरच तर आहे."

तिला वाटलं, त्यांना नीट वाचता आलं नसेल.

"बाबा, मिशिगन लिहिलंय तिथं."

"हो ना. मिशिगन." त्यांनी पासपोर्ट मिटून जपून तिच्या हातात दिला. चेहऱ्यावर दिवसभराचा तोच समाधानी थकवा होता. "लई थंडी होती, तू झाली त्या दिवशी. दाराच्या लोखंडी कडीले हात लावला, का बोटं चिकटून जात."

आणि ते खिडकीबाहेर पाहत, उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर हलकेच चोळत राहिले.