तीन नंबरचं कुलूप

मुलाखत अकराला होती आणि ती साडेनऊलाच येऊन बसली होती. पाणीपुरवठा केंद्राच्या त्या लांबट खोलीत खुर्च्या पाच आणि उमेदवार ती एकटी. तिनं तीनदा खुर्ची बदलली. प्रमाणपत्रांना काही पाय फुटणार नव्हते, तरी फाईल दोनदा उघडून पाहिली.

जागा देखभाल अभियंत्याची होती. सहा वर्षांपूर्वी असलं काम तिच्या डाव्या हातचा मळ होता. मग वडिलांनी अंथरूण धरलं आणि ती घरी बसली. वडील जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून सात मुलाखती दिल्या. सगळीकडे 'मधली सहा वर्षं काय केलंत?' आणि शेवटी 'कळवतो'. आज निघताना धाकटा भाऊ दारात आडवा आला होता.

"ताई, आज जरा जिभेला आवर घाल. त्यांना हवं ते बोल आणि मोकळी हो."

त्याचं काय चुकलं होतं? दोन नोकऱ्या तिनं खरं बोलूनच घालवल्या होत्या. आज ही जागा हवीच होती. आपल्याला अजून काही येतं, हे तिला स्वतःलाच एकदा बघायचं होतं.

मुख्य अभियंत्यांनी सहा वर्षांचं नावही काढलं नाही, आणि त्यानंच ती जास्त बेचैन झाली. त्यांनी सरळ विचारलं, "दुरुस्तीसाठी पंप उघडण्याआधी काय करता?"

"वीज तोडते. खटक्याला माझं कुलूप लावते. टॅगवर नाव आणि वेळ लिहिते. चावी माझ्या खिशात."

"ते कुलूप काढायचं कुणी?"

"ज्याचं त्यानं. कुलूप दिसलं की माणूस आत आहे असंच धरायचं." हे वाक्य वडिलांचं होतं. ते जन्मभर फिटर होते.

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. "चला, पंप ऐकून दाखवा. चारही. कुठला बिघडलाय ते सांगायचं."

पंपघरात एक म्हातारा फिटर उभा होता. त्यानं मान हलवली, पण तिच्याकडे बघितलं नाही. तिनं पिशवीतून वडिलांचा लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. एक नंबर लोण्यासारखा चालत होता. दोन नंबर आत खडे चावत होता. बेअरिंग गेलं होतं, पोरंटोरंही सांगतील. चार नंबरही ठीक. कान शाबूत होता. तिला एकदम रडूच आलं, ते तिनं गिळलं.

तीन नंबर बंद होता. खटक्याला गंजकं कुलूप आणि टॅग. टॅगवरची अक्षरं उडून गेली होती, फक्त वेळेचा नऊ उरला होता. शेपटी लांब, खाली जाऊन उलटी वळलेली. तिचा नऊही असाच. 'नऊ काढलास की मांजर?' म्हणून वडील चिडवायचे. जगात आपल्यासारखं आणखीही कुणी आहे म्हणायचं, असं मनाशी म्हणत तिनं टोक तीन नंबरवर टेकवलं. चारही ऐका म्हटलं होतं ना!

लोखंड गार होतं. आधी काहीच नाही. मग ठोके आले. तीन, जरा थांबून एक.

तिनं हात मागे घेतला. ही खूण वडिलांनी तिला लहानपणी शिकवली होती. टाकीत उतरलेला माणूस पान्यानं अशी ठोकतो: मी आत आहे, चालू करू नका.

त्या पंपाच्या पोटात धड मांजरही मावलं नसतं.

तिनं पुन्हा टोक टेकवलं. स्वतःच मुठीवर बोटानं तीन ठोके दिले. चौथा दिला नाही.

चौथा आतून आला.

म्हातारा फिटर अगदी जवळ येऊन उभा राहिला होता. ओठ न हलवता तो म्हणाला, "दोन म्हणा, बाई. दोन म्हणा आणि घरी जा."

घरी जा. सहा वर्षं सगळे तेच तर सांगत होते. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"तर?" साहेबांनी विचारलं. "कुठला?"

भावाचं बोलणं आठवलं. तिनं स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवला.

"दोनचं बेअरिंग गेलंय," ती म्हणाली. "पण तीन... तीन बंद आहे आणि आत कुणीतरी आहे."

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. तिला वाटलं, संपलं. पण त्यांनी हसून हात पुढे केला. "उद्यापासून या. नऊला." आणि ते जिना चढून निघून गेले, जरा घाईनंच.

नोकरी मिळाली होती. भावाला फोन करायला हवा होता. ती तीन नंबरकडेच वळली.

फिटरनं खिशातून एक चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली. वापरून वापरून तिचे दाते गुळगुळीत झाले होते.

"ही तुमची."

"आणि कुलूप?"

त्यानं आता पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"ते लावलेलं आहे. तुमच्याच हातानं."